हॉटेलच्या खोलीसाठी छोटा प्रवासी राउटर : कोणता घ्यावा, कसा वापरावा?

उंबरठा

लॅपटॉप, दोन फोन, एक टॅब आणि टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक, एवढा लवाजमा हॉटेलच्या वायफायवर चढवायचा आहे. बहुतेक ठिकाणी लॉगिनचं पान येतं, खोली क्रमांक आणि आडनाव विचारतं, उपकरणांच्या संख्येवर मर्यादा असते आणि स्टिकवर ते पान धड उघडत नाही. म्हणून खिशात मावेल असा राउटर घ्यायचा विचार आहे. जाणकारांनी उजेड पाडावा:

१. वायफाय ६ हवंच का? की साधा ३०० एमबीपीएसवाला पुरेल?
२. राउटर लॉगिनच्या पानातून पार कसा होतो?
३. लॅपटॉपवर ऑफिसचा व्हीपीएन (सगळी ये-जा झाकून नेणारा बोगदा) असतोच. राउटरवर आणखी एक हवा का?
४. यूएसबीवर चालतो म्हणतात, मग टीव्हीच्या मागच्या यूएसबीत खोचला तर?

खोक्यावरचे आकडे नकोत, ते वाचून झालेत.

तारायंत्र

खोक्यावरचे आकडे नकोत म्हणालात तरी सुरुवात तिथूनच करतो. 'एएक्स३०००' म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवरचे (लहरींच्या पट्ट्यावरचे) ५७४ एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ यांची बेरीज करून वर पूर्णांकात नेलेली संख्या. एका फोनला एका वेळी यातला एकच बँड मिळतो, आणि हा लिंकचा वेग असतो, प्रत्यक्ष डाउनलोडचा नव्हे.

हॉटेलच्या खोलीत राउटर बहुतेक वेळा रिपीटर म्हणून चालतो. एकीकडे तो हॉटेलच्या वायफायला चिकटतो आणि दुसरीकडे स्वतःचं वायफाय देतो. दोन्ही कामं एकाच रेडिओवर पडली तर प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) हवेतून दोनदा जातं आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. म्हणून एकच बँड असलेला राउटर इथे लंगडा पडतो. दोन बँडवाल्यात हॉटेलची जोडणी ५ वर आणि आपली उपकरणं २.४ वर, किंवा उलट, अशी विभागणी करता येते.

उदाहरणं द्यायची तर जीएल-आयनेट कंपनीचा मँगो फक्त २.४ वर चालतो आणि त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत. मेल आणि ब्राउझिंगला चालेल. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर९०२एसीला दोन बँड आहेत, पण इथरनेट पोर्ट एकच आणि तोही १०० चा. जीएल-आयनेटच्याच बेरिल एएक्सला २.५ गिगाबिटचा वॅन (बाहेरून येणाऱ्या नेटसाठी) आणि १ गिगाबिटचा लॅन (आपल्या उपकरणांसाठी) असे दोन पोर्ट, वायफाय ६ आणि वायरगार्ड या व्हीपीएन प्रकारासाठी पुरेसा प्रोसेसर आहे.

वायफाय ६ पेक्षा मी पुढच्या गोष्टी आधी पाहीन: दोन बँड, दोन पोर्ट, यूएसबी-सी वीज, मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) बदलायची सोय आणि फर्मवेअरचे (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) नियमित येणारे अपडेट. यातलं एखादं नसेल तर वायफाय ६ असून उपयोग नाही.

काजवा

एवढा खटाटोप कशाला? बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये वायफायला जोडलेलं असतानाच तेच इंटरनेट हॉटस्पॉटवरून वाटता येतं. विंडोजच्या मोबाइल हॉटस्पॉटवर आठ उपकरणं जोडता येतात. लॉगिनचं पान फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडायचं, बाकीचे मागून येतील. पिशवीत आणखी एक डबी, आणखी एक केबल, आणखी एक चार्जर कोण वाहणार?

गुळवेल

काजवा, एक-दोन रात्रींच्या मुक्कामाला तुमचा उपाय ठीक. पण आयफोन वायफायचं इंटरनेट वायफायवरूनच पुढे देत नाही, त्याचा हॉटस्पॉट मोबाइल डेटाच वाटतो. लॅपटॉपचं झाकण मिटलं की हॉटस्पॉट गेला. फोन बाहेर नेला की टीव्हीवरचं बंद.

आता प्रश्न क्र. २.

लॉगिनच्या पानाची यंत्रणा मॅक अ‍ॅड्रेसवर चालते. तुम्ही नाव-क्रमांक भरला की हॉटेलचा गेटवे (इंटरनेटच्या वाटेवरचं यंत्र) 'हा मॅक सोडा' अशी नोंद करतो. राउटरच्या मागे कितीही उपकरणं असली तरी गेटवेला राउटरचा एकच मॅक दिसतो. म्हणजे राउटर हॉटेलच्या वायफायला जोडा, मागच्या कुठल्याही एका फोनवरून पान भरा, की सगळेच आत. मॅक क्लोन करायची (फोनचा मॅक राउटरला द्यायची) गरज बहुतेक वेळा पडत नाही, पण अनेक जण पहिल्या मिनिटाला तेच करायला धावतात.

क्रम असा ठेवा:

१. आपला फोन राउटरच्या वायफायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. तो चालू राहिला तर फोन 'इथे इंटरनेट नाही' म्हणून गुपचूप तिकडे वळतो आणि पान येतच नाही.
२. राउटरचं नियंत्रण पान उघडा. जीएल-आयनेटवर ते १९२.१६८.८.१ ला असतं, मूळ ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर) १९२.१६८.१.१ ला. तिथून हॉटेलचं वायफाय शोधून जोडा.
३. राउटरवरचा व्हीपीएन आणि किल स्विच (व्हीपीएन तुटला की नेट रोखणारा) बंद, एन्क्रिप्टेड डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा, झाकून वापरलेली) बंद, जाहिराती रोखणारं बंद. फोनवरचा व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएससुद्धा बंद.
४. ब्राउझरमध्ये साधा एचटीटीपी (न झाकलेला) पत्ता टाका. नेव्हरएसएसएल डॉट कॉम याच कामासाठी आहे. एचटीटीपीएसचा पत्ता टाकला तर गेटवेला तो वळवता येत नाही, नुसती प्रमाणपत्राची चूक दिसते.
५. पान भरून झालं की बंद केलेलं सगळं पुन्हा चालू.

पान येतच नसेल तर बहुधा डीएनएस आडवा आलेला असतो. एक शक्यता अशी की राउटरमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ असा बाहेरचा डीएनएस हाताने भरून ठेवलेला आहे आणि लॉगिनआधी हॉटेल स्वतःच्या डीएनएसखेरीज कुणाशी बोलूच देत नाही. तो काढून 'आपोआप' करा. दुसरी म्हणजे डीएनएस रिबाइंडिंग संरक्षण. लॉगिन पानाचं नाव खासगी पत्त्यावर, समजा १०.० ने सुरू होणाऱ्यावर जात असेल, तर राउटर ते उत्तर संशयास्पद मानून टाकून देतो आणि ब्राउझर 'साइट सापडली नाही' म्हणतो. हे संरक्षण लॉगिनपुरतं काढा. तरीही अडलं तर राउटरच्या स्थितीदर्शक पानावर गेटवेचा पत्ता असतो, तोच ब्राउझरमध्ये टाका.

मॅक क्लोन हा शेवटचा उपाय. फोन थेट हॉटेलच्या वायफायला जोडून लॉगिन करा, फोनने *त्या* नेटवर्कसाठी वापरलेला मॅक लिहून घ्या, फोनमधून ते नेटवर्क विसरवा आणि मग तो मॅक राउटरच्या रिपीटर जोडणीला द्या. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे 'फोनविषयी माहिती'तला मॅक उचललात तर काम होणार नाही. बनावट ओळखायचा सोपा मार्ग: दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असतो. आणि तोच मॅक घेऊन फोन आणि राउटर दोघंही एकाच वेळी हॉटेलच्या नेटवर्कवर राहिले तर दोघंही आळीपाळीने तुटतात.

सुतळी

वाखुसा (वाचनखूण साठवली). हॉटेलचं वायफाय मिळवायला एवढा अभ्यास लागतो हे आधी कळतं तर पुस्तकच नेलं असतं वाचायला.

खिडकीतला

प्र. ४ : टीव्हीत खोचू नका.

टीव्हीचा यूएसबी पोर्ट २.० असेल तर मानकाप्रमाणे ५ व्होल्टला ०.५ अँपिअर देतो, ३.० असेल तर ०.९. बेरिल एएक्सला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, स्लेट एएक्सला ५ व्होल्ट ४ अँपिअर. मँगोसारखा किडूकमिडूक कदाचित चालेल. मोठा राउटर सुरूही होईल, दिवा लागेल, आणि दोन्ही रेडिओंवर भार आला की व्होल्टेज खाली जाऊन रीबूट होईल. मग माणूस फर्मवेअरला शिव्या घालत बसतो. शिवाय टीव्ही बंद केला की अनेक टीव्ही तो पोर्टही बंद करतात.

अजून तीन गोष्टी. एक, दाराशेजारच्या खाचेतलं कार्ड काढलं की खोलीतले बरेच सॉकेट मरतात. फ्रिजचा सॉकेट सहसा जिवंत राहतो. त्याच्या जोडीला दुसरा मोकळा असेल तर राउटर तिथे लावा. दोन, अनेक पोर्टांच्या चार्जरमध्ये दुसरं उपकरण लावलं-काढलं की चार्जर सगळ्या पोर्टांची वीज नव्याने वाटतो आणि तेवढ्यात क्षणभर पुरवठा तुटतो. फोन चार्जिंगला लावला की नेट जातं, याचं कारण हे असू शकतं. राउटरला स्वतंत्र चार्जर द्या. तीन, सी-टू-सी केबलवर राउटर मेलेला दिसला तर ए-टू-सी केबल लावून पाहा. काही स्वस्त उपकरणांत सी पोर्टचे ओळख पटवणारे रोधक नसतात, मग सी चार्जर त्यांना वीजच सोडत नाही.

अर्धविराम

गुळवेल यांच्या प्रतिसादाला +१, पण एक बाजू राहिली. अनेक हॉटेलं वेगाची मर्यादा *प्रति उपकरण* घालतात. पाच उपकरणं स्वतंत्र जोडली असती तर पाच वाटे मिळाले असते. राउटरच्या मागे नेली की पाचांत एकच वाटा. टीव्हीवर सिनेमा चालू झाला की व्हिडिओ कॉल चिरकतो तो यामुळे, आणि याला वायफाय ६, ७, ८ काहीच करू शकत नाही. ऑफिसच्या कॉलपुरता लॅपटॉप थेट हॉटेलच्या वायफायवर नेणं हा कधी कधी जास्त शहाणा मार्ग असतो.

प्र. ३ : लॅपटॉपवर व्हीपीएन असेल तर राउटरवरचा लॅपटॉपसाठी लागत नाही. नुसता राउटर लावल्याने हॉटेलचं नेटवर्क 'सुरक्षित' होतं, हा गैरसमज फार आहे. तुमच्या फोनपासून राउटरपर्यंत तुमचा पासवर्ड आहे. राउटरपासून पुढे तेच उघडं वायफाय. बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असल्याने मजकूर झाकलेला असतो, पण कुठल्या साइटवर गेलात हे डीएनएसमधून दिसतं. राउटरचा खरा फायदा म्हणजे शेजारच्या खोलीतून तुमच्या उपकरणांपर्यंत थेट पोचता येत नाही. राउटरवरचा व्हीपीएन ज्यांवर व्हीपीएन बसवता येत नाही अशा उपकरणांसाठी ठेवा.

दोन्हीकडे व्हीपीएन चालवलात तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सांभाळा. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२० असतो, त्याच्या आत ऑफिसचा बोगदा आणखी जागा खातो. लक्षण ठरलेलं: लहान पानं उघडतात, मोठी फाइल चढवताना सगळं गोठतं. आतल्या बोगद्याचा एमटीयू १२८० वर आणा.

तारायंत्र

अर्धविराम, प्रति उपकरण मर्यादेचा मुद्दा बिनतोड. त्यावर एकच भर: खोलीत जिवंत इथरनेट पोर्ट असेल तर त्याला वेगळी, बरीच सैल मर्यादा असू शकते. टेबलामागे, टीव्हीखाली किंवा भिंतीतल्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या (वायफाय देणाऱ्या डबीच्या) बुडाशी पाहा. दीड मीटरची चपटी केबल म्हणूनच सोबत असावी. तारेवर घेतलं की दोन्ही रेडिओ पूर्णपणे आपल्या उपकरणांना मोकळे. लॉगिनचं पान तिथेही येऊ शकतं, क्रम वर दिलेलाच.

पण केबल *वॅन* पोर्टातच जाऊ द्या. लॅनमध्ये खोचलीत तर तुमच्या राउटरचा डीएचसीपी हॉटेलच्या नेटवर्कवर पत्ते वाटत सुटतो आणि शेजाऱ्यांचं नेट जातं. एकच पोर्ट असलेल्या राउटरात तो मोडनुसार वॅन किंवा लॅन होतो, म्हणून आधी मोड, मग केबल. आणि टीव्हीची केबल उपटून राउटरला लावू नका. ती बहुधा टीव्हीच्या वेगळ्या व्हीलॅनवर (अलग ठेवलेल्या नेटवर्कवर) असते. तिथे इंटरनेट मिळत नाही, टीव्ही मात्र जातो.

सुतळी

म्हणजे तीनशे चार नंबरच्या खोलीत नेट का नव्हतं ते आज कळलं. (दिवे घ्या, तारायंत्र.)

पाणपोई

रच्याकने (जाता जाता), असा स्वतःचा राउटर लावायला हॉटेलं हरकत घेत नाहीत का? किंवा बंद पाडत नाहीत का?

अर्धविराम

नियम हॉटेलनिहाय बदलतात, वायफायच्या अटी लॉगिनच्या पानावरच असतात, त्या वाचाव्यात. बंद पाडण्याबद्दल: २०१४ साली अमेरिकेत मॅरियट या हॉटेल कंपनीला एफसीसीकडे (तिथल्या दूरसंचार नियामकाकडे) ६ लाख डॉलर भरावे लागले होते. नॅशव्हिलच्या गेलॉर्ड ऑप्रिलँडमध्ये पाहुण्यांचे वैयक्तिक हॉटस्पॉट डीऑथेंटिकेशनचे संदेश सोडून तोडले जात होते, ते प्रकरण. तांत्रिक उपाय म्हणजे राउटरच्या वायफायला डब्ल्यूपीए३ ही सुरक्षेची नवी पद्धत ठेवणं. त्यात व्यवस्थापन फ्रेमना (जोडणी जुळवणाऱ्या-तोडणाऱ्या संदेशांना) संरक्षण बंधनकारक आहे, त्यामुळे बाहेरच्याने पाठवलेला 'तूट' असा खोटा संदेश उपकरण मानत नाही. जुनी स्टिक डब्ल्यूपीए३ घेत नसेल तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. मात्र त्या जुन्या उपकरणाला हे संरक्षण मिळणार नाही.

गुळवेल

अवांतराकडून परत. 'जोडलं गेलं पण चालत नाही' या तक्रारींची कारणं एकत्र टाकतो, शोधणाऱ्यांना बरं.

पत्त्यांची टक्कर. हॉटेलही १९२.१६८.८.० वापरत असेल आणि तुमचा राउटरही, तर राउटरला आत कोण आणि बाहेर कोण हे कळत नाही. आपल्या लॅनला कुणाला सहसा सुचणार नाही असा पत्ता घरूनच देऊन ठेवा, उदा. १७२.२७.९३.१.

चॅनेल. एकाच रेडिओवर हॉटेलची जोडणी आणि आपलं वायफाय असेल तर दोन्हींना एकच चॅनेल लागतं. हॉटेलच्या अ‍ॅक्सेस पॉइंटने चॅनेल बदललं की आपलंही वायफाय क्षणभर पडतं. त्यातून हॉटेल ५ गिगाहर्ट्झच्या ५२ ते १४४ या चॅनेलांच्या पट्ट्यात असेल तर रडारला वाट देण्याचे नियम लागू होतात. तिथे प्रक्षेपण सुरू करण्याआधी किमान ६० सेकंद ऐकत राहावं लागतं आणि काही छोटे राउटर त्या चॅनेलांवर स्वतःचं वायफाय देतच नाहीत. 'माझं ५ गिगाहर्ट्झचं नाव गायब झालं' यामागे बहुधा हेच. हॉटेलची जोडणी २.४ वर न्या, किंवा यादीत त्याच नावाचा ३६ ते ४८ मधला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट दिसत असेल तर त्याच्या बीएसएसआयडीला (स्वतःच्या ओळख क्रमांकाला) बांधून टाका.

ओपनडब्ल्यूआरटीवर तर आणखी एक गंमत: हॉटेलची जोडणी लागलीच नाही तर त्याच रेडिओवरचं आपलं वायफायही उठत नाही, मग राउटरच्या आत जायलाही वाट उरत नाही. म्हणून लॅन पोर्टात केबल लावून आत शिरता आलं पाहिजे. ट्रॅव्हलमेट नावाचं पॅकेज ही जोडणी सांभाळतं.

देश. राउटरवर अमेरिका निवडलेली असेल तर २.४ वरचं १२ आणि १३ नंबरचं चॅनेल त्याला दिसत नाही. फोनला दिसणारं हॉटेल राउटरला दिसेनासं होतं. जिथे आहात तो देश निवडा.

सिग्नल. राउटरला हॉटेलचा सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास किंवा चांगला हवा. उणे ७५ च्या खाली गेलं तर जागा बदला. टीव्हीमागे आणि लोखंडी कपाटात राउटर ठेवणारे खूप. अ‍ॅक्सेस पॉइंट कॉरिडॉरमध्ये असेल तर दाराजवळ.

खिडकीतला

यादीत घड्याळ राहिलं. या राउटरांत सहसा बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज गेली की वेळ मागे जाते आणि इंटरनेट मिळाल्यावरच सुधारते. तोवर एन्क्रिप्टेड डीएनएसची प्रमाणपत्रं चुकीची ठरतात. वायरगार्डला तर याचा फटका नेमका बसतो: समोरचा सर्व्हर शेवटच्या हँडशेकची (जोडणी जुळवणाऱ्या संदेशाची) वेळ लक्षात ठेवतो आणि त्याहून जुन्या वेळेचा हँडशेक मुकाट टाकून देतो. आणि किल स्विच चालू असेल तर वेळ विचारायलाही बाहेर जाता येत नाही. व्हीपीएन 'जोडत आहे' वर अडकला की आधी राउटरची वेळ बघा, 'ब्राउझरशी मिळवा'चं बटण असतं, ते दाबा.

उंबरठा

सर्वांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. दोन शंका. दर २४ तासांनी पान पुन्हा येत असेल तर प्रत्येक वेळी व्हीपीएन बंद-चालू करायचा का? आणि स्टिक प्रत्येक हॉटेलात नव्याने जोडावी लागते का?

अर्धविराम

पहिल्या शंकेला नाइलाज आहे, मुदत गेटवेकडे असते. पण राउटरवर 'प्रत्येक वेळी नवा यादृच्छिक मॅक' असा पर्याय चालू नाही ना, ते पाहा. तो चालू असेल तर प्रत्येक रीबूटला गेटवेला नवं उपकरण दिसतं, मुदत संपायच्या आतच पान येतं आणि उपकरणांची मर्यादाही फुकट संपते. मुक्कामभर एकच मॅक ठेवा. व्हीपीएनचं म्हणाल तर संपूर्ण राउटरऐवजी फक्त स्टिकला व्हीपीएनमधून पाठवायचा नियम करा, मग फोनवरून पान व्हीपीएन न बंद करता भरता येतं.

तारायंत्र

दुसरीला सोपं उत्तर. राउटरच्या वायफायला घरच्या वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार द्या. स्टिक, फोन, टॅब सगळे आपोआप चिकटतात. हॉटेल पाहुण्यांची उपकरणं एकमेकांपासून तोडून ठेवतं, त्यामुळे फोनवरून स्टिकवर कास्ट होत नाही. स्वतःच्या राउटरमागे ती अडचणही जाते.

तुमच्या यादीवरून, म्हणजे स्टिक अधिक ऑफिसचे कॉल, मी बेरिल एएक्सच्या वर्गातला घेईन. २.५ गिगाबिटसाठी नाही, तर दोन पोर्टांसाठी आणि स्टिकचा व्हीपीएन न धापता चालवायला. व्हीपीएन नको असेल तर वायफाय ५ चा दोन बँडचा कुठलाही चांगला चालेल. फक्त जीएल-आयनेटच्या ओपलच्या वाटेला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यात सिफ्लॉवरची चिप आहे, उत्पादकाने फर्मवेअर थांबवलं की मूळ ओपनडब्ल्यूआरटीवर जायचा रस्ता सोपा नाही.

काजवा

मी अजूनही फोनवालाच. पण घेणारच असाल तर निघण्याआधी घरी एकदा फोनचा हॉटस्पॉट 'हॉटेल' समजून राउटर त्याला जोडून बघा. रिपीटर, व्हीपीएन, स्टिक, सगळं तिथेच कळतं.

खिडकीतला

आणि ते जुळलं की सेटिंगची बॅकअप फाइल फोनमध्ये उतरवून घ्या. जीएल-आयनेटवर रीसेटचं बटण १० सेकंद दाबून सोडलं की सगळं कारखान्यातल्यासारखं कोरं होतं, नियंत्रण पानाचा पासवर्डही नव्याने ठेवावा लागतो. डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण दाबून जोडायची सोय) आणि बाहेरून नियंत्रण पान उघडायची सोय बंद आहे ना, तेही त्याच वेळी तपासा.